एका टोकाची तार

ललिताबाई तायडे यांचे कान एकदम गेले नाहीत. सगळ्यात आधी गेला तो आचलचा आवाज.

आचल म्हणजे त्यांची नात. वय वर्षं पाच आणि आवाज शिट्टीसारखा बारीक. शाळेतून आली की दप्तर भिरकावून द्यायची आणि आजीच्या मांडीवर बसून शाळेतलं सगळं सांगायची. आजीला तिचे ओठ हलताना दिसत, डोळे मोठे होताना दिसत. मध्येच ती खुदकन हसे, तेव्हा आजीही हसे. पण आपण कशाला हसलो ते आजीला ठाऊक नसे. पोर लहान असली तरी तिच्या ध्यानात आलं. एक दिवस ती आईला म्हणाली, "आजीले सांगून काही फायदा नाई. ते नुसती हो म्हणते."

हे ललिताबाईंना ऐकू आलं नाहीच. त्यांच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, ते कागदावर लिहून दाखवलं आणि खाली लिहिलं, 'आई, आता तरी कानाच्या डॉक्टरकडे चल.'

डॉक्टरनं कानावर हेडफोन चढवून तासभर वेगवेगळे सूर वाजवले आणि एक आलेख हातात दिला. डावीकडे वर असलेली रेघ उजवीकडे जाताना एखाद्या दरडीसारखी खाली कोसळली होती. डॉक्टरनं समजावलं ते असं: खालच्या पट्टीतले आवाज शाबूत आहेत, वरच्या पट्टीतले गेले. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. लहान मुलांचा आवाज तर बहुतेक सगळाच वरच्या पट्टीतला. कानाला यंत्र लावून पाहा. ललिताबाईंनी तिथल्या तिथं यंत्र लावून पाहिलं. टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज स्टीलची परात पडावी तसा आला. त्यांनी यंत्र काढून परत दिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "वय झालं, चालतंच."

घरी येताना त्या रिक्षाच्या बाहेर पाहत बसल्या. पंजाबराव, म्हणजे त्यांचे यजमान, दोनदा काहीतरी बोलले. तिसऱ्यांदा ते इतक्या मोठ्यानं बोलले की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं.

कानांवरच तर या बाईनं उभं आयुष्य काढलं होतं. बार्शीटाकळीला त्यांचे वडील सडकेच्या गँगमध्ये गिट्टी फोडायचे. बारावी झाल्यावर ललिताला अकोल्याच्या तारघरात नोकरी लागली, ते साल ब्याऐंशी. ट्रेनिंगमध्ये मोर्स शिकवलं. एक छोटा आवाज, एक लांब आवाज. टिंब आणि रेघ. त्यांच्या जुळणीतून अक्षरं. बाकीची पोरं बोटांवर टिंबं मोजत बसत. शिकवणारे मास्तर म्हणत, मोजू नका, ऐका, प्रत्येक अक्षराला स्वतःची चाल असते. ललिताला ती चाल पहिल्या आठवड्यातच सापडली. पुढे तारघरात अशी ख्याती झाली की पावसाळ्यात लाइनवर कितीही खरखर असली, दुसऱ्या टोकाचा माणूस कितीही घाईत असला, तरी तायडेबाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. कुणाचा जन्म, कुणाचं मरण, कुणाला लागलेली नोकरी, हे सगळं घरच्यांच्या आधी त्यांच्या कानात येई.

मग टेलिप्रिंटर आले, त्यामागून संगणक आले आणि मोर्स वाजवायची कळ कपाटात गेली. ललिताबाईंना करमेना. तेव्हा ऑफिसातल्या कुणी तरी सांगितलं की सरकारी परवाना काढून घरातून रेडिओवर बोलणारे हौशी लोक असतात, त्यांना हॅम म्हणतात, आणि त्यांच्यातले कितीतरी अजून मोर्समध्येच बोलतात. बाईंनी नागपूरला जाऊन परीक्षा दिली, परवाना काढला, एक जुना रेडिओ घेतला.

पंजाबराव एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी दिवसभर गाडीखाली आडवा पडून राह्यतो. तू तारेशी बोलत जा. आपलं दोघाईचं बरं चालीन."

आणि चाललंही. अकोल्याला कौलखेडमध्ये त्यांचं छोटं घर होतं, मागं मोकळी जागा. तिथं दोन बांबू रोवून त्यांनी वीस मीटरची तार ताणली होती, तिच्या मधोमधून केबल खाली उतरायची. रोज सकाळी सात वाजता बाई रेडिओसमोर बसत. अकोटचे श्याम गावंडे हमखास भेटत. ते तिथल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होते. वीस वर्षांत दोघांची प्रत्यक्ष गाठ तीनदाच पडली असेल, पण गावंड्यांच्या मुलीचं लग्न कसं जमलं, त्यांच्या गुडघ्याला काय झालं, या वर्षी गाठींची आवक कशी आहे, हे सगळं ललिताबाईंना टिंबा-रेघांमधून ठाऊक असे.

दोन वर्षांपूर्वी जावई रोहितची बदली गडचिरोलीला झाली. प्रियदर्शनी अमरावतीला सरकारी दवाखान्यात नर्स, ड्यूटी कधी सकाळची कधी रात्रीची, पोरीला सांभाळायला कुणी नाही. म्हणून म्हातारा-म्हातारी अकोल्याचं घर भाड्यानं देऊन कठोरा नाक्याजवळच्या तिच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. दुसरा मजला, वर गच्ची. रेडिओ खोक्यात भरून आला आणि खोक्यातच दिवाणाखाली गेला.

"इथं तार बांधाले जागा नाई," बाईंनी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खरंही होतं. मधोमध केबल लटकणारी तार बांधायला दोन्ही बाजूंना खांब हवेत, मध्ये मोकळं अंगण हवं. पण त्यांनी न सांगितलेलं एक कारण होतं. अकोल्यात शेवटच्या काही महिन्यांत रेडिओवरचे आवाज विरत चालले होते. आधी त्यांनी हवामानाला दोष दिला, मग रेडिओला. आलेख हातात आला त्या दिवशी त्यांना कळलं की हवामान ठीक होतं आणि रेडिओही.

त्यानंतर त्या हळूहळू आत आत सरकत गेल्या. विहारातल्या वंदनेला जात, पण मागं बसत आणि संपल्यावर कुणी बोलायला येण्याआधी उठत. फोन उचलणं सोडलं. पंजाबराव काही बोलले की त्या नुसतं त्यांच्याकडे पाहत. मग ते मोठ्यानं बोलत. वर्कशॉपमध्ये इंजिनांच्या आवाजात चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्यांचं मोठ्यानं बोलणं म्हणजे शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडत.

"काहून ऐकत नाईस वं तू?" ते एकदा ओरडले. शब्द कळले नाहीत, पण कपाळावरची शीर फुगलेली बाईंना दिसली. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि कणीक मळत बसल्या. त्या दिवसानंतर दोघांमध्ये जेवायला चला, गोळी घ्या, एवढंच बोलणं उरलं, तेही खुणेनं.

दिवाळीनंतरची गोष्ट. पंजाबराव रोज दुपारी बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायला लागले. बोलता बोलता विजेच्या बिलाच्या पाठीमागं काहीतरी लिहीत. ललिताबाईंनी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी त्या बाल्कनीत गेल्या तर पंजाबराव जमिनीवर पाय पसरून बसलेले, मांडीवर एका मोडक्या कॉम्प्युटरमधून काढलेलं पिवळं कडं, आणि ते त्यावर इनॅमलची तांब्याची तार गुंडाळत होते. बिलावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'गावंडे म्हणते, एका टोकाची तार. जागा कमी लागते.'

"श्यामभाऊंचा फोन आला तुमाले?" बाईंनी विचारलं.

पंजाबरावांनी मान हलवली, मग पेन घेऊन लिहिलं, 'मीच केला.'

बाई तिथंच खाली बसल्या. एका टोकाची तार म्हणजे काय ते त्यांना नवं नव्हतं. मधोमध केबल जोडण्याऐवजी ती तारेच्या एका टोकालाच जोडायची. मग दोन्ही बाजूंना खांब नकोत, मध्ये अंगण नको. एक टोक गच्चीवर, दुसरं लांबच्या झाडाला. पण तिची एक अडचण असते, आणि पंजाबरावांच्या हातातलं कडं त्याच अडचणीसाठी होतं.

पंजाबरावांनी कड्याकडे बोट दाखवून तळहात उलटा केला. हे कायले?

ललिताबाई बोलायला लागल्या. कितीतरी महिन्यांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. "पाहा, माह्या रेडिओले पन्नास ओहमचा भार पायजे. त्याच्यासाठीच तो बनवेल हाय. तारेच्या मधात केबल जोडली तं तेवढा भार मिळते. पण तारेच्या टोकाले भार असते दोन-अडीच हजार. सरळ जोडलं तं रेडिओतून निघेल शक्ती तारेत शिरतच नाई. टोकावरून माघारी येते अन् रेडिओच तापते. म्हणून दोघाईच्या मधात हे कडं. रेडिओच्या बाजूनं दोन वेढे, तारेच्या बाजूनं चौदा. सातपट. अन् भार बदलते तो साताच्या सातपट, म्हंजे एकोणपन्नास पट. पन्नास गुणिले एकोणपन्नास किती?"

पंजाबरावांनी बिलावर गुणाकार केला. दोन हजार चारशे पन्नास. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला आणि त्यांनी हवेत डाव्या हातानं गियर टाकला. पहिला, दुसरा.

"गियरबॉक्स!" ते ओरडले, आणि ओरडणं पुरणार नाही म्हणून बिलावर लिहिलंही. खाली एक बस काढली, तिच्यापुढं चढ काढला. 'इंजिन तेच, चाक तेच. मधात गियर नसला तं चिखलदऱ्याच्या घाटात गाडी बंद पडते.'

"हाव," बाई म्हणाल्या. "अगदी तेच."

इतक्या वर्षांच्या संसारात रेडिओबद्दल पंजाबरावांना काही समजल्याचा हा पहिलाच दिवस होता.

पिवळ्या कड्यावर चौदा वेढे नीट बसले, पण काम झालं नाही. पंजाबरावांनी ते प्लास्टिकच्या डब्यात बसवलं, डबा गच्चीवर टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधला, आणि डब्यातून निघालेली तार वॉचमनच्या शिडीनं कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाला नेऊन बांधली. खाली खोलीत बाईंनी रेडिओ खोक्यातून काढला, पुसला, केबल जोडली, कळ दाबली. मीटरचा काटा पाचावर गेला. काटा एकाशी असला म्हणजे सगळी शक्ती तारेत गेली; तो जितका वर, तितकी ती माघारी आली. गच्चीवर जाऊन बाईंनी डब्याला हात लावला तर डबा चहाच्या कपासारखा गरम.

पंजाबरावांनी गावंड्यांना फोन लावला. तिकडून उत्तर आलं की पिवळं कडं या कामाचं नाही, काळं लागतं. माझ्याकडं एक पडून आहे, पाठवतो. दुसऱ्या दिवशी दुपारी अकोटहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं, जो कधीकाळी पंजाबरावांच्या हाताखाली नटबोल्ट आवळायला शिकला होता, अमरावतीच्या स्टँडवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक काळं कडं त्यांच्या हातावर ठेवलं. सोबत चिठ्ठी: 'बाईंना सांगा, रोज सातला हाक मारतो. उत्तर आलं नाही तरी मारतो.'

चिठ्ठी वाचून ललिताबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग वेढे स्वतः गुंडाळले.

नव्या कड्यानं काटा अडीचवर आला. आता फक्त तार लांब होती. थोडी थोडी कापून रेडिओच्या लहरीशी जुळवायची होती. पंजाबराव गच्चीवर पक्कड घेऊन, बाई खाली मीटरसमोर. बाईंनी खिडकीतून ओरडून सांगितलं तर त्यांना ऐकू जाई. पण 'कापलं, आता पाहा' हे त्यांनी वरून कितीही ओरडून सांगितलं तरी खाली ते पोचत नव्हतं. फोनवर तर नुसती गुणगुण. म्हणून दर वेळी वीतभर तार कापायची आणि दुखरा गुडघा धरून जिना उतरायचा. चौथ्या खेपेला पंजाबराव दारात आले ते भिंतीला टेकूनच उभे राहिले. कपाळावर तीच शीर. बाईंना वाटलं, आता ओरडतील. पण ते ओरडले नाहीत. नुसते धापा टाकत, हतबल होऊन पाहत राहिले.

बाईंनी त्यांना पाणी दिलं. खिडकीशेजारून टाकीचा लोखंडी पाइप खाली उतरत होता, त्यावर त्यांची नजर गेली. त्यांनी पाइपवर हात ठेवला. वरच्या नळाची, मोटरीची बारीक थरथर हाताला लागली.

"तुमचा पाना घेऊन जा," त्या म्हणाल्या. "कापलं की पाइपवर वाजवा. एकदा घासा, एकदा ठोका, परत घासा. रेघ, टिंब, रेघ. थे के अक्षर हाय. मोर्समधी के म्हंजे, माहं झालं, आता तू बोल."

पंजाबराव वर गेले. बाई पाइपला तळहात लावून उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं पाइप थरथरला. लांब. मग एक ठोका. मग पुन्हा लांब. तळहातातून कोपरापर्यंत चढलं. बाईंचं मन क्षणभर तिथंच अडकलं, कळ दाबायचं भानच राहिलं नाही. वरून पुन्हा आलं, जरा घाईनं: लांब, ठोका, लांब.

"आलं, आलं!" त्या खिडकीतून ओरडल्या. "पाह्यतो!"

काटा दोनवर. पुन्हा कापलं, पुन्हा के. पावणेदोन. मग दारावरची बेल लागली असावी, कारण प्रियदर्शनी झोपेतून उठून आली आणि तिनं दार उघडलं. सोसायटीचे सेक्रेटरी नत्थुजी उभे होते, निवृत्त तलाठी, हातात वही.

"पंजाबभाऊ पाइप काहून ठोकून राह्यले?" त्यांनी प्रियदर्शनीला विचारलं. "तीन फ्लॅटवाल्याईनं फोन केला. अन् गच्चीवरून झाडाले वायर कशाची?"

ललिताबाईंनी त्यांचे ओठ नाही, चेहरा वाचला. कपाटातून परवाना आणला. नवा पत्ता महिन्याभरापूर्वीच त्यावर चढवून घेतलेला होता. तो खटाटोपही पंजाबरावांनीच केला होता हे बाईंना आत्ता कळत होतं. नत्थुजींनी सही, शिक्का, तारीख तलाठ्याच्या डोळ्यांनी तपासली. मग गच्चीवर जाऊन पाहिलं तर तार इतकी बारीक की तिच्यावर कावळासुद्धा बसला नसता. खाली येताना ते पंजाबरावांशी पाइपच्या गंजाबद्दल बोलत होते. जाता जाता म्हणाले, "दुपारी दोन ते चार तेवढं ठोकू नका, लोक झोपते."

त्या दिवशी चार वाजल्यानंतर काटा सव्वावर आणून दोघं थांबले. एक कसर राहिली होती. कळेला बोट लागलं की बारीक मुंगी चावल्यासारखं होई. बाईंना त्याचं कारण ठाऊक होतं: टोकाला जोडलेल्या तारेला परतीचाही रस्ता लागतो, तो मिळाला नाही तर वीज केबलच्या अंगावरूनच खोलीत उतरते. डब्याला परतीसाठी दीड मीटरची एक आखूड तार जोडली, केबलचे दहा वेढे एकावर एक गुंडाळून बांधले. मुंग्या थांबल्या.

सकाळी सातला ललिताबाईंनी हेडफोन लावले. पंजाबराव शेजारी खुर्ची ओढून बसले. मीटरवर श्याम गावंडे यांची हाक दिसत होती. पट्ट्या उठत होत्या, पडत होत्या. कानात मात्र काही नाही. नीट ऐकलं तर फार दूर, कापसाच्या पल्याड, काहीतरी किणकिणल्यासारखं. बाईंनी आवाज वाढवला. खरखर वाढली, किणकिण तशीच. त्यांनी डोळे मिटले. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"तारेचा दोष नाई," त्या म्हणाल्या. "तार चांगली झाली."

पंजाबरावांनी सदऱ्याच्या खिशातून चारघडी केलेला कागद काढला. डॉक्टरचा तो आलेख. घड्यांवर मळलेला, म्हणजे बरेच दिवस खिशात होता. त्यांनी तो टेबलावर पसरला, रेघ जिथं अजून वर होती त्या डाव्या बाजूवर जाड काळं बोट ठेवलं, मग रेडिओवरच्या एका बारीक बटणावर. आणि बाजूला लिहिलं: 'गावंडेले हा कागद फोनवर वाचून दाखवला. तो म्हणते, सूर खाली कर. इतकी वर्षं आठशे हर्ट्झवर ऐकते, चारशेवर आण.'

बाईंनी त्या बटणाकडे पाहिलं. मोर्सचा सूर हवा तसा वर-खाली करता येतो हे तर त्या नवशिक्यांना सांगत आल्या होत्या. तारघरापासून एकाच सुराची सवय, त्यामुळे स्वतःसाठी ते कधी सुचलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांनी शोधणंच सोडलं होतं.

त्यांनी हेडफोन पुन्हा चढवले आणि बटण फिरवायला सुरुवात केली. सातशे. सहाशे. पाचशेच्या खाली आल्याबरोबर, धुक्यातून माणूस समोर यावा तसा, भरदार, घुमणारा आवाज कानात उभा राहिला. प्रत्येक टिंब वेगळं, प्रत्येक रेघ धारदार. गावंड्यांचा हात, 'एन' हे अक्षर जरा लांबवायची त्यांची खोड, सगळं जसंच्या तसं.

बाईंनी कळेवर बोट ठेवलं आणि आपलं नाव वाजवलं.

तिकडची हाक मध्येच तुटली. मग घाईघाईत, अक्षरं एकमेकांवर पाडत, गावंडे बोलायला लागले. रोमन अक्षरांत मराठी, नेहमीसारखं. 'जय भीम ललिताबाई जय भीम जय भीम. कान कसे.'

'राम राम श्यामभाऊ,' बाईंनी वाजवलं. 'कान आहेत.'

मग त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पंजाबराव, ज्यांना त्या आवाजातलं एक अक्षरही कळत नव्हतं, तेही हसायला लागले.

पुढचे आठ-दहा दिवस ते रोज सकाळी त्यांच्या शेजारी येऊन बसत. नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं, 'के येते मले. बाकीचं शिकव.'

बाईंनी सरावाचा जुना बझर काढला. रेडिओशी संबंध नाही, नुसती बॅटरी, कळ आणि आवाज. त्याचा सूर खाली आणला. आचल शाळेत गेली की दुपारी दोघं समोरासमोर बसत. पंजाबरावांची बोटं जाड, नट आवळायची सवय. टिंब लांबायचं, रेघ तुटायची. एकदा त्यांनी चहा मागितला आणि बाईंनी ऐकलं ते भलतंच निघालं. त्यावर दोघं इतकी हसली की चहा राहूनच गेला. महिन्याभरात सगळी अक्षरं झाली. वेग बैलगाडीचा, पण न चुकता.

एवढ्या वेगानं बोलायचं म्हणजे एकेक शब्द निवडावा लागतो. पंजाबराव जन्मभर मोठ्यानं आणि थोडं बोललेले. आता हळू बोलायला लागले आणि आधी कधी न बोललेलं बोलायला लागले. वर्कशॉपमध्ये एकदा जॅक सटकला होता आणि ते चाकाखालून केसभरानं वाचले होते, हे त्यांनी तीस वर्षांनी सांगितलं. 

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पंजाबरावांनी चष्मा काढून ठेवला आणि कळ जवळ ओढली. मग वाजवायला लागले. बाईंनी सवयीनं पेन घेतलं, एकेक अक्षर उतरवून घेतलं.

'मी रागावत नव्हतो. भेत होतो. मले वाटे तू माह्याशी बोलणंच सोडलं.'

बाईंनी लिहिलेलं वाचलं. मान वर केली तर पंजाबराव खिडकीबाहेर पाहत होते. बाईंनी कळ आपल्याकडे वळवली आणि उत्तर वाजवलं. जुनी तारबाबू, मन भरून आलं की हात भरधाव सुटे. पंजाबरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी तळहात उलटा केला. बाईंनी पुन्हा वाजवलं, हळू. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि मनगटावर बोटानं एकेक अक्षर ठोकून, दाबून सांगितलं: 'मले बी भेव वाटे. तुमी ओरडा, पण शेजारी बसून.'

त्या आठवड्यात ललिताबाई आपणहून डॉक्टरकडे गेल्या आणि यंत्र घेऊन आल्या. सुरुवातीचे पंधरा दिवस पराती पडत राहिल्या. मग कमी झाल्या. यंत्रानं सगळं परत आलं असं नाही. विहारातल्या गर्दीत अजूनही गोंगाटच होतो, फोन अजूनही नकोसा वाटतो. पण दार लावून, पंखा बंद करून, आचल समोर बसून हळू बोलली तर दहातले सात शब्द कळतात. उरलेले तीन आचल पुन्हा सांगते, डोळे फिरवत, पण सांगते.

पंजाबरावांनी उन्हाळ्यात परवान्याची परीक्षा दिली. गावंड्यांनी आग्रह केला म्हणून नागपूरला गेले. पेपर इंग्रजीतला, नियमांची कलमं, मार्क थोडक्यात हुकले. परत आले तेव्हा बाईंनाच जास्त वाईट वाटत होतं. पुढच्या वेळी मी तयारी करून घेते, त्या म्हणाल्या.

पंजाबराव पायातले बूट सोडत होते. ते बाईंजवळ आले, यंत्र लावलेल्या कानाशी वाकले, आणि बेताच्या आवाजात म्हणाले, "कायले? मले एकाच बाईशी बोलाचं हाय. त्याले लायसन लागत नाई."

पहिल्या खेपेलाच ऐकू आलं. तरी बाईंनी ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.